बोअरमधलं तापमान मोजून भूजल पुनर्भरण काढता येतं का?

तुम्ही विचारलंय की बोअरमध्ये सेन्सर सोडून तापमान घेतलं तर पाऊस किती मुरला ते कळतं का, आणि सेन्सर कोणता घ्यावा. कळतं, पण आपल्या काळ्या पाषाणातल्या (बेसाल्टमधल्या) उघड्या बोअरमध्ये नाही. यावरून माझं माझ्या मार्गदर्शक सरांशी एकदा कडाक्याचं वाजलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

एम.एस्सी.ला असताना मराठवाड्यातल्या एका गावात आम्ही मोजणी करत होतो. तात्यांच्या मळ्यातला बोअर, मोटर कधीच वर काढलेली. केसिंग, म्हणजे बोअरच्या कडेचा बंद पाइप, मुरुमापुरतं, वीसेक फूट. खाली सगळं उघडं. थर्मिस्टर (तापमान टिपणारा सेन्सर) मीटर-मीटरने सोडायचा, आकडा थांबेपर्यंत वाट पाहायची. 35 मीटरला 27.6 अंश. 62 मीटरलाही 27.6. आणि 65 मीटरला एकदम 28.2. आपल्याकडे 100 मीटरला दोन-अडीच अंश वाढतात, म्हणजे त्या 27 मीटरांत अर्धा अंश तरी वाढायला हवा होता.

सर खूश. वरचं गार पाणी खोल उतरतंय, म्हणजे पुनर्भरण जोरात! खोलीनुसार तापमानाची रेघ किती वाकते त्यावरून पाझराचा वेग काढायचे ब्रेडहोफ्ट आणि पापाडोपुलोस यांचे 1965 चे आलेख लावले, आकडा काढला, अहवालात घातला.

पण तात्या सकाळीच म्हणाले होते, "कान लावा साहेब, बोअर बोलतोय." मी पाइपला कान लावला. आत पाणी पडत होतं. वरच्या कुठल्यातरी फटीतून धार सुटून खालच्या पाण्यावर आपटत होती, आणि ते पाणी बोअरमधूनच उतरून 62 मीटरच्या खालच्या फटीत शिरत होतं. खडकातून मुरलं असतं तर रेघ सावकाश वाकली असती, तीन मीटरांत अशी तुटली नसती. तात्यांची जुनी विहीर तिथून चाळीस पावलांवर. बोअर मारल्यापासून ती फेब्रुवारीतच तळ दाखवायची. विहिरीचं पाणी खाली पळत होतं आणि आम्ही त्याला पुनर्भरण म्हणत होतो. हे मी सरांना सांगितलं. "तुझा अनुभव किती?" एवढंच उत्तर मिळालं.

हिशोबही करून बघा. वर्षाला 50 मिलिमीटर पाणी मुरतंय, थर 50 मीटरचा, बेसाल्टची उष्णतावाहकता 1.7 वॅट प्रति मीटर प्रति अंश. तापमानाची रेघ सरळ रेषेपासून हलते जेमतेम 0.03 अंशाने. अर्धा अंश कुठे आणि हे कुठे! म्हणून सेन्सर घ्याल तो 0.01 अंश ओळखणारा थर्मिस्टरच घ्या. बाजारातला स्वस्त डिजिटल सेन्सर इथे कुचकामी. मोजणी खाली जातानाच करा, वर ओढताना केबल पाणी ढवळते. वरचे दहा-पंधरा मीटर सोडून द्या, तिथे उन्हाळा-हिवाळ्याची ये-जा असते.

तुमचे मार्गदर्शक अशी उभी रेघ, म्हणजे खोलीनुसार न बदलणारं तापमान, बघून "पुनर्भरण उत्तम" म्हणाले, तर आधी विचारा की बोअरला केसिंग किती आहे. रागावले तर रागावू द्या.

पद्धत वाईट नाही, हेही सांगायला हवं. सुझुकी यांनी 1960 साली भातखाचरांतला पाझर तापमानावरूनच काढला होता. नदीच्या वाळूत, किंवा तापी-पूर्णेच्या गाळात खालपर्यंत बंद पाइप टाकून मोजलंत तर चांगला आकडा मिळू शकतो. फक्त एक लक्षात ठेवा: गेल्या काही दशकांत जमीन वरून तापलीय, आणि त्यानेही रेघ तशीच वाकते. शहरालगत तर जास्तच. ते वजा केल्याशिवाय पुनर्भरणाचा आकडा लिहू नका.

पुढच्या वर्षी तात्यांनी विहिरीच्या तळाच्या खालपर्यंत केसिंग उतरवून भोवती सिमेंट भरून घेतलं. त्या उन्हाळ्यात विहिरीला एप्रिलअखेर पाणी होतं. अहवालातला आकडा मात्र कुणी बदलला नाही.