दहा वर्षांच्या कुत्रीची हीट (माज) आता आपोआप बंद होईल का? या वयात नसबंदीचं ऑपरेशन करावं का?

नाही, बंद होणार नाही. बायकांची पाळी जाते तसं कुत्रीचं नसतं. वय झालं की दोन हीटमधलं अंतर वाढतं, रक्त कमी दिसतं, एखादी हीट तर लक्षातही येत नाही. पण चक्र शेवटपर्यंत चालू राहतं. मला मात्र तुम्ही पुढे लिहिलेली ओळ जास्त काळजीची वाटते. हीट संपून महिना झाला आणि आता ती फार पाणी पिते, 'उन्हामुळे असेल' असं तुम्ही लिहिलंय. असेलही. पण तसं धरून थांबू नका, आजच डॉक्टरांकडे न्या.

आमची राणी नऊ वर्षांची होती, ऑपरेशन केलेलं नव्हतं. दसऱ्याच्या आधी माजावर आली. दिवाळी उलटली आणि ती अंगणातली बादली रिकामी करायला लागली. रात्री दोन-दोनदा लघवीला बाहेर सोडावं लागे. चकल्या-शेव खाल्ली असेल, म्हणून तहान, असं आई म्हणाली आणि आम्हालाही ते पटलं. खालून स्राव अजिबात नव्हता, त्यामुळे गर्भाशयाचं काही असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. मग तिने भाकरीला तोंड लावणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या. सोनोग्राफीत दिसलं, गर्भाशय पुवाने भरलेलं.

याला पायोमेट्रा म्हणतात. हीट संपली की कुत्री गाभण असो वा नसो, तिच्या अंगात दोनेक महिने प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चढलेलं राहतं. त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि आत शिरलेल्या जंतूंना, बहुतेकदा ई. कोलायला, आयतं घर मिळतं. त्यांचं विष मूत्रपिंडावर परिणाम करतं, म्हणून ही तहान. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर घाण वासाचा स्राव दिसतो. मिटलेलं असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, आणि तेच जास्त धोक्याचं, कारण आत गर्भाशय फुटू शकतं. दर हीटला अस्तरावर हा मारा होतो, म्हणून वयाबरोबर धोका वाढत जातो. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ऑपरेशन न झालेल्या चार-पाच माद्यांतल्या एकीला दहा वर्षांच्या आत हा आजार झालेला दिसला.

पाणी मोजायचं तर दिवसभरात वजनाच्या किलोमागे 100 मिलीपेक्षा जास्त म्हणजे नक्कीच जास्त.

ऑपरेशनचं म्हणाल, तर वय हा नकाराचा मुद्दा नाही. रक्त, मूत्रपिंड, हृदय तपासून ठीक असेल तर दहाव्या वर्षीही करतात. धडधाकट कुत्रीचं ऑपरेशन आणि पू झालेल्या, ताप चढलेल्या कुत्रीचं मध्यरात्रीचं ऑपरेशन, यांत फार फरक आहे. ती निरोगी निघाली तर हीट संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी करून घ्या. हीट थांबवायची इंजेक्शनं मात्र देऊ नका, त्यांनी हाच धोका वाढतो. स्तनांवरून बोटं फिरवून गाठी आहेत का तेही बघत जा. कुत्रीच्या स्तनातल्या साधारण निम्म्या गाठी कर्करोगाच्या निघतात, आणि या वयातल्या ऑपरेशनने त्या टळतील असं धरता येत नाही.

दवाखान्यात गेल्यावर आधी हीट कधी संपली ते सांगा, मग पाण्याचं. आम्ही हीटचं बोललोच नाही. पहिल्या दवाखान्यातून पोटाच्या गोळ्या घेऊन परत आलो आणि तीन दिवस त्यात गेले. राणी वाचली, पण आठवडाभर सलाईनवर होती.