चौघांनी मिळून एखादी जाडजूड व्हिक्टोरियन कादंबरी वाचायची आणि तिचा सिनेमाही बघायचा, तर कुठली घ्यावी? सिनेमा आधी बघावा की नंतर?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की चौघांचंही इंग्रजी बरं आहे, डिकन्स कुणीच वाचलेला नाही, आणि मागच्या खेपेला जॉर्ज एलियटचं ‘मिडलमार्च’ शंभरेक पानांतच बारगळलं. ‘फितूर’ या हिंदी सिनेमाचंही विचारलंय. मी म्हणेन, डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ घ्या आणि सिनेमा घ्या डेव्हिड लीनचा, १९४६ सालचा, कृष्णधवल. आणि सिनेमा आधीही नको, नंतरही नको. वाचता वाचता मधे मधे बघा. ते कसं, ते पुढे सांगते.

‘मिडलमार्च’ सुटलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. ते पुस्तक सुरुवातीला वाचकाकडून बरीच उसनवारी करतं आणि परतफेड फार उशिरा करतं. शिवाय त्याच्या जोडीला बघायला आहे ती बीबीसीची १९९४ची मालिका. ती चांगलीच आहे, पण एका बैठकीत आटपणारी नाही. डिकन्सची ‘ब्लीक हाऊस’ किंवा ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ म्हणाल, तर प्रत्येकी साडेतीन लाख शब्दांच्या घरातल्या. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ त्याच्या जेमतेम निम्मी, प्रकरणं ५९, आणि बहुतेक आटोपशीर.

ती आटोपशीर होण्यामागे धंद्याचं कारण आहे. डिकन्स ‘ऑल द इयर राउंड’ नावाचं साप्ताहिक चालवायचा. १८६०मध्ये त्यात चार्ल्स लीव्हर या लेखकाची कादंबरी क्रमशः येत होती. ती वाचकांना रुचेना, खप घसरायला लागला. डिकन्सच्या डोक्यात तेव्हा एक गोष्ट घोळत होती, पण ती मासिक हप्त्यांच्या ऐसपैस मापाची. तीच त्याने आखडून साप्ताहिकात आणली. १ डिसेंबर १८६० ते ३ ऑगस्ट १८६१, छत्तीस आठवडे. दर आठवड्याला एक किंवा दोन प्रकरणं, आणि वाचक पुढच्या आठवड्यात परत आला पाहिजे अशा बेताने ती तोडलेली. जे पुस्तक एका अंकाच्या विक्रीसाठी असं तासून काढलेलं आहे, ते चारचौघांत वाचायला बरं पडतं. कुठेही थांबलात तरी पुढे काय, हा प्रश्न उरतोच.

छत्तीस आठवडे घालवा असं मी सांगत नाही, तेवढा दम हल्ली कुणाला आहे! आठवड्याला चार-पाच प्रकरणं घरी वाचायची आणि भेटाल तेव्हा त्यातलं एक मोठ्याने वाचायचं. नायक पिपच्या मेहुण्याचं, जो गार्जरीचं बोलणं तर मोठ्यानेच वाचा. कागदावर ते स्पेलिंगच्या चुकांचं रान वाटतं, कानावर पडलं की खेड्यातला एक भला, थोडा अडखळणारा लोहार समोर उभा राहतो. आमच्या गटात हे काम निवृत्त शिक्षिका असलेल्या एका काकूंकडे होतं. त्या जोचं बोलणं सोलापुरी हेलात वाचायच्या आणि ते अजिबात विजोड वाटायचं नाही.

आता सिनेमाचं. कादंबरीचे तीन टप्पे डिकन्सनेच पाडून ठेवले आहेत. १९व्या प्रकरणाशी पहिला संपतो, ३९व्याशी दुसरा, आणि तसं तो स्पष्ट लिहितोही. सिनेमा दोन तासांच्या आतला आहे. पहिला टप्पा वाचून झाला की पिप घोडागाडीतून लंडनला निघतो तिथपर्यंत बघायचा आणि बंद करायचा. दुसरा टप्पा झाला की वादळी रात्री जिन्यावर पावलं वाजतात त्या प्रसंगाअखेर थांबायचं. उरलेला पुस्तक संपल्यावर. असं केलं की रहस्य पुस्तकातच उलगडतं आणि सिनेमा ताज्या वाचनाशी ताडून बघता येतो. सगळं वाचून झाल्यावर बघितलं तर सुरुवातीची प्रकरणं धूसर झालेली असतात, मग चर्चा “पुस्तकच भारी” या एका वाक्यावर संपते.

इथून पुढे मी गोष्ट फोडणार आहे. नको असेल तर पुस्तक झाल्यावर परत या.

सुरुवात जरूर ताडून बघा. पुस्तकात लहानगा पिप आईवडिलांच्या थडग्यांवरच्या अक्षरांवरून ते दिसायला कसे असतील याचा अंदाज बांधतो. वडिलांच्या अक्षरांच्या वळणावरून त्याला वाटतं की ते चौकोनी बांध्याचे, सावळे, कुरळ्या केसांचे असावेत. शेजारी पाच भावांच्या पाच छोट्या दगडी लाद्या. हे सगळं मिस्कील सुरात येतं, आणि हसत असतानाच कळतं की आपण एका अनाथ पोराच्या सबंध कुटुंबाच्या थडग्यांपाशी उभे आहोत. केंट परगण्यातल्या कूलिंग गावच्या चर्चपाशी अशा लहान मुलांच्या थडग्यांची रांग खरोखरच आहे. ती तेरा आहेत. डिकन्सने पाचच घेतली.

लीन या मिस्कीलपणाच्या वाटेला जात नाही. पुस्तक उघडतं, दोन ओळी वाचल्या जातात, वाऱ्याने पानं फडफडतात आणि आपण थेट दलदलीच्या काठावर. मोठं आभाळ, फाशीचे खांब, त्यांच्यासमोरून पळत जाणारा एवढासा मुलगा. स्मशानात करकरणारं झाड. पोरगं घाबरून वळतं आणि धावत सुटतं ते सरळ एका पळून आलेल्या कैद्याच्या अंगावर. आमच्याकडे इथे एकाच्या हातून चहा सांडला, आणि त्याने आदल्याच आठवड्यात ते प्रकरण वाचलेलं होतं! गाय ग्रीनला या सिनेमाच्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं, ते काही उगाच नाही.

पण गेलं काय, ते बघा. पुस्तकात भीती वाटते ती लहान पिपला, आणि ती सांगतो तो मोठा पिप. स्वतःच्या बालपणाकडे, पुढे स्वतःच्या मूर्खपणाकडे बघून मनातल्या मनात खजील होणारा, तरी विनोद न सोडणारा मध्यमवयीन माणूस. सबंध कादंबरी या दोन पिपमधल्या अंतरावर तोललेली आहे. कॅमेऱ्याला पळणारा मुलगा दाखवता येतो, त्या मुलाला आठवणारा माणूस दाखवणं त्याला जड जातं. लीनने निवेदन वापरलंय, पण काटकसरीने. म्हणून माझ्या मते सिनेमा बघताना दर वेळी एवढंच विचारायचं: ही गोष्ट आता सांगतंय कोण? बाकीचे बदल आपोआप दिसायला लागतात.

सगळ्यात स्पष्ट दिसतात ते २७व्या प्रकरणात. पिप आता लंडनचा साहेब झालाय. बूटबिट घातलेला एक पोऱ्या नोकर म्हणून ठेवलाय आणि त्याचाच याला धाक! बार्नर्ड्स इनच्या त्या खोलीत जो भेटायला येतो. तो येण्याआधीच पिप आपल्याला सांगून मोकळा होतो की पैसे देऊन जोला येण्यापासून थांबवता आलं असतं, तर मी ते खुशाल दिले असते. मग जो येतो. नवी टोपी दोन्ही हातांनी अशी सांभाळतो, जशी ती अंडी असलेलं घरटं आहे. शेवटी ती शेकोटीवरच्या फळीच्या टोकाला ठेवतो आणि ती पडत राहते. जो झेलतो, परत ठेवतो, परत पडते. मधेच तो पिपला “सर” म्हणतो, मधेच जुन्या सवयीने “पिप, ओल्ड चॅप”. पिपला त्या “सर”चा राग येतो आणि टोपीचाही. आम्ही वाचताना टोपीला सगळे हसलो. मग जो जायला उठतो आणि म्हणतो, आयुष्य म्हणजे कितीतरी ताटातुटी एकमेकींना सांधून केलेली वस्तू आहे. कुणी लोहार, कुणी सोनार, कुणी तांबट, त्यांच्यात अशा फारकती व्हायच्याच. तू मला भट्टीपाशी बघ, हातात हातोडा घेतलेला, मग माझ्यात तुला निम्म्यानेही खोट दिसणार नाही. लोहाराने लोहाराच्याच भाषेत केलेला हा निरोप आहे. आमच्यातले एक काका गावाकडून मुंबईत नोकरीला आलेले. ते म्हणाले, पिपला नावं ठेवू नका, चाळीत गावचे पाहुणे आले की आमच्याही पोटात गोळा यायचा. त्यावरून जी जुंपली, ती त्या दिवशी मिटली नाही.

सिनेमात हा प्रसंग आहे. बर्नार्ड माइल्सचा जो सुरेखच. आणि मग निवेदनात पिप कबूल करतो की जंटलमन होण्याच्या नादात मी नुसता शिष्ट होऊन बसलो. वाक्य चटपटीत आहे, पण ते पुस्तकात नाही, आणि असायची गरजही नाही. पुस्तकात आपण पिपबरोबर त्या टोपीवर चिडतो आणि मग आपल्याला स्वतःचीच लाज वाटते. सिनेमा तो निष्कर्ष तयार करून हातात ठेवतो.

दुसरी मोठी काटछाट ऑर्लिकची. जोच्या भट्टीवरचा हा धुमसणारा गडी सिनेमात नाहीच. दोन तासांत बसवायचं तर कुणाला तरी वगळावं लागणार, हे कळतं. पण पिपच्या बहिणीवर जीवघेणा हल्ला करतो तो ऑर्लिक, आणि तो होतो कैद्याच्या पायातून कापून काढलेल्या बेडीने. ती कापायला कानस चोरून नेली होती पिपने. म्हणजे हात ऑर्लिकचा असला तरी हत्यार पिपने पुरवलेलं, आणि हे ओझं तो पुस्तकभर वागवतो. ऑर्लिक गेला की पिपच्या डोक्यावरचं हे ओझंच उतरतं आणि तो थोडा गुळगुळीत नायक होतो. त्यात जॉन मिल्स तेव्हा अडतीस वर्षांचा! विशीतला पिप म्हणून तो मला शेवटपर्यंत पचला नाही. त्याच्या शेजारी तरुण अ‍ॅलेक गिनेस पिपचा मित्र हर्बर्टच्या भूमिकेत असा काही बागडतो की मिल्सचं वय आणखीच जाणवतं. गिनेसनेच १९३९मध्ये या कादंबरीचं नाट्यरूपांतर केलं होतं. लीनने ते पाहिलं होतं, आणि त्यातली मिस हॅविशॅम (लग्न मोडल्यापासून घरात कोंडून घेतलेली श्रीमंत बाई), मार्टिटा हंट, तिलाच त्याने सिनेमात घेतलं.

सिनेमा पुस्तकावर मात करतो अशीही एक जागा आहे: टेम्सवरून मॅगविचला, म्हणजे सुरुवातीच्या त्या कैद्याला, बोटीने पळवून नेण्याचा बेत. हे प्रकरण नेमकं उतरावं म्हणून डिकन्सने मे १८६१मध्ये एक आगबोट भाड्याने घेऊन ब्लॅकवॉल ते साउथएंड फेरी मारली होती. सोबतच्या मंडळींना वाटलं सहल आहे. प्रकरण उत्तमच आहे, पण लीनच्या पडद्यावर चाकांची आगबोट त्या होडीवर चालून येते तेव्हा श्वास अडकतो.

शेवटावर मात्र एक अख्खी बैठक ठेवा, कारण तुमच्या हातात तीन शेवट असतील. डिकन्सने पहिल्यांदा लिहिला तो अगदी कोरडा. मिस हॅविशॅमने वाढवलेल्या आणि पिप जिच्यावर जीव टाकतो त्या एस्टेलाने, नवरा ड्रमल वारल्यावर, श्रॉपशायरच्या एका डॉक्टरशी दुसरं लग्न केलंय. पिकॅडिलीत पिपची आणि तिची ओझरती भेट होते. पिपसोबत जोचा मुलगा आहे, तो पिपचाच असं ती समजते, आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. बुल्वर-लिटन या लेखकमित्राने गळ घातली म्हणून डिकन्सने हा बदलला आणि दोघांना सॅटिस हाऊसच्या, म्हणजे मिस हॅविशॅमच्या घराच्या, पडीक जागेत, धुक्यात भेटवलं. तिथेही लग्न झालं असं तो लिहीत नाही. पुढच्या ताटातुटीची सावली मला दिसली नाही, असं पिप म्हणतो, आणि पिपला काय काय दिसलं नव्हतं हे आपण ५९ प्रकरणं वाचलेलं असतं. मूळ शेवट पुढे डिकन्सचा मित्र फॉर्स्टरने त्याच्या चरित्रात छापला. बऱ्याच आवृत्त्यांत तो परिशिष्टात मिळतो, विकत घेताना तेवढं बघून घ्या.

तिसरा सिनेमाचा, आणि तो दोन्हींहून वेगळा. लीनची तेव्हाची पत्नी के वॉल्श हिने तो लिहिला. एस्टेलाचं लग्नच होत नाही. तिचे आईबाप कोण हे कळल्यावर ड्रमल तिला सोडतो, आणि ती बंद घरात मिस हॅविशॅमच्या खुर्चीत जाऊन बसते, तिच्यासारखीच होण्याच्या बेताने. पिप येतो, जुने पडदे ओरबाडून काढतो आणि खोलीत ऊन घेतो. आमच्यातल्या निम्म्यांना हा भडक वाटला. मला पटला. १९४६चा इंग्लंडमधला प्रेक्षक बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने वर्षानुवर्षं खिडक्या झाकून राहिलेला होता, त्याच्यासमोर कुणीतरी पडदे फाडतंय हे नुसतं नाटकी नव्हे. पण किंमत चुकवली आहे. पुस्तकातली एस्टेला ड्रमलचा मार खाऊन, वर्षं घालवून बदलते. सिनेमातली पिपने हात धरून बाहेर काढावी लागते.

‘फितूर’चं विचारलंत. काश्मीरमध्ये रचलेला, तब्बूची बेगम हजरत असलेला तो २०१६चा हिंदी सिनेमा बघायचा तर सगळ्यात शेवटी बघा. त्याआधी अल्फोन्सो क्वारोनचा १९९८चा अमेरिकन अवतार बघितलात तर लक्षात येईल की नायक चित्रकार असणं वगैरे तिथूनच आलंय. ‘फितूर’ डिकन्सपेक्षा क्वारोनचाच जास्त नातेवाईक आहे. दोन्हींत प्रेमकथा ठसठशीत उरते आणि जो जवळजवळ नाहीसा होतो. तब्बूसाठी मात्र एकदा बघाच.

मूळ कादंबरी प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. चौघांनी एकच आवृत्ती घ्यायची सक्ती करू नका, प्रकरणांच्या क्रमांकावर काम भागतं. काही छापील प्रतींत प्रत्येक भागात क्रमांक नव्याने सुरू होतात, तेवढं पहिल्याच भेटीत जुळवून घ्या. आणि एखादा मागे पडला तर त्याच्यासाठी थांबू नका, राहिलेल्या प्रकरणांची गोष्ट त्याला तोंडी सांगा. मात्र २७वं आणि ३९वं प्रकरण त्याला स्वतःला वाचायला लावा.