‘बरी होऊन नऊ वर्षं झाली, मग अजून मागे का?’

प्रश्न : माझी मुलगी ७ वर्षांची असताना तिच्या मेंदूत मेड्युलोब्लास्टोमाची, म्हणजे कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन, रेडिएशन, केमो सगळं झालं. ९ वर्षं स्कॅन चांगले येतात. दुसरीपर्यंत वर्गात पहिली यायची. यंदा दहावीला ५८ टक्के. विचारलं तर उत्तरं येतात, पण पेपर पुरा होत नाही. शाळेतून आली की झोपते, हाक मारली तरी लक्ष नसतं. आळस अंगात भिनलाय. शिकवण्या लावल्या, फोन काढून घेतला, ओरडून पाहिलं. देवाने तिला वाचवलं ते डॉक्टर होण्यासाठीच, असं आम्ही तिला सांगतो. मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेसाठी लातूरला ठेवावं का? ती मात्र शेजारच्या बालवाडीतच रमते.
– एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर : नमस्कार. लातूरला ठेवू नका. ३ तासांत १८० प्रश्न सोडवायची ही परीक्षा तिच्यासाठी नाही. पण मला मार्कांपेक्षा तुमच्या ओरडण्याची काळजी वाटते. जगली म्हणून डॉक्टर हो, असं सांगणं म्हणजे पोरीकडून जगण्याची वसुली करणं आहे. हे तिला पुन्हा कधीही ऐकवू नका. सातव्या वर्षी तिने जे सोसलं, त्यानंतर ती कुणाचं काही देणं लागत नाही.

गाठ गेली म्हणजे आजार संपला, हा तुमचा समज आहे आणि सगळा घोळ तिथेच आहे. लहान वयात डोक्याला दिलेल्या रेडिएशनचे परिणाम हळूहळू, कित्येक वर्षांनी दिसतात. मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंना इजा होते, त्यामुळे विचाराचा वेग, लक्ष आणि ऐकलेलं डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता कमी पडते. शिकलेलं ती सहसा विसरत नाही. नवं शिकायला तिला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात बरोबरीची मुलं पुढे जातात. म्हणून दुसरीत पहिली आलेली मुलगी दहावीत मागे दिसते. त्यात ही गाठ लहान मेंदूतली, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला हालचाली सांभाळणाऱ्या भागातली, त्यामुळे हाताचा वेग आणि अक्षर यांवरही परिणाम असू शकतो. उत्तर येतं आणि पेपर राहतो, ते यामुळे.

झोप आणि हाक, या दोन्हींची तपासणी करा. डोक्याच्या आणि मणक्याच्या रेडिएशननंतर थायरॉइड आणि वाढीचे हार्मोन कमी पडू शकतात. थकवा त्याचाही असेल, आणि त्यावर औषध आहे. या आजारात केमोमध्ये बहुतेकदा सिस्प्लॅटिन हे औषध देतात. त्याने आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. मग ‘स’, ‘फ’सारखे वर्ण निसटतात आणि वर्गात अर्धं वाक्यच कानावर पडतं. तुम्ही ज्याला दुर्लक्ष म्हणता, ते कदाचित ऐकूच गेलं नसेल. जिथे उपचार झाले, तिथे सगळी कागदपत्रं घेऊन जा. मुंबईच्या टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे. रक्ताची आणि कानाची तपासणी करायला सांगा, आणि न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूच्या आजारानंतर बुद्धीचं काम तपासणाऱ्या मानसतज्ज्ञाकडून) स्मरण, लक्ष व वेग यांची चाचणी करून लेखी अहवाल घ्या.

त्या अहवालावर पुढचं बरंच अवलंबून आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळू शकतात. लिहिणं खरोखर अवघड असेल तर केवळ ४० टक्के अपंगत्वाची अट दाखवून लेखनिक नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितलंय. ‘आमच्या पोरीला अपंग म्हणायचं का’ म्हणून बापच मागे हटतात, हे मी पुष्कळ पाहिलंय. कृपा करून तसं करू नका.

अकरावीला घरून जाता येईल असं कॉलेज घ्या. कला शाखेत मानसशास्त्र किंवा बालविकास मिळत असेल तर उत्तम, पुढे पूर्वप्राथमिक शिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत. बालवाडीतली तिची आवड तुम्ही पत्रात शेवटच्या ओळीत लिहिलीत. मला ती पहिली वाटते. पण आत्ता काहीच पक्कं करू नका. शिकवण्या थांबवा, दुपारी तिला झोपू द्या. आधी तपासण्या होऊ द्यात, अहवाल तिच्याबरोबर बसून वाचा, आणि इतकी वर्षं आळशी म्हटल्याबद्दल तिच्याजवळ चूक कबूल करा. लातूरला आगाऊ पैसे भरले असतील तर याच आठवड्यात परत मागा.