नॉर्वेच्या स्टूरहामर आइस हॉकी क्लबचा इतिहास काय आहे? साडेआठ तास चाललेला तो सामना खरा की अफवा?

सामना खरा आहे. १२ मार्च २०१७ ला संध्याकाळी सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अडीचच्या सुमाराला संपला. त्याचा हिशेब पुढे देतो. आधी क्लबचं घर बघू, कारण त्या इमारतीशिवाय या क्लबची गोष्टच लागत नाही.

नावापासून गोंधळ होतो, म्हणून ते आधी. उच्चार 'स्टूरहामर'. 'स्टूर' म्हणजे मोठा आणि 'हामर' म्हणजे खडकाळ उंचवटा. ऑस्लोच्या उत्तरेला, म्योसा या नॉर्वेतल्या सगळ्यात मोठ्या तळ्याच्या काठी हामर नावाचं गाव आहे, त्यातला हा एक भाग. याच नावाचा महिला हँडबॉल संघही आहे आणि तो तगडा आहे. २०२४ मध्ये त्याने युरोपियन लीग जिंकली. त्यामुळे नुसतं 'स्टूरहामर' शोधलंत तर निम्म्या बातम्या हँडबॉलच्या निघतात. शिवाय हॉकीचा संघ बरीच वर्षं 'स्टूरहामर ड्रॅगन्स' या नावाने खेळत होता, आता 'स्टूरहामर हॉकी' म्हणतात. दोन्ही नावं दिसली तर क्लब एकच समजा.

मूळ संस्था १९५७ ची. राष्ट्रीय विजेतेपद मात्र १९९५ पर्यंत नाही. नॉर्वेत आइस हॉकी म्हणजे मुख्यतः ऑस्लो आणि त्याच्या आग्नेयेकडची औद्योगिक गावं, असंच समीकरण होतं. ऑस्लोतल्या वोलेरेंगा क्लबचं जुनं मैदान यूर्डाल आम्फी १९५२ च्या ऑस्लो ऑलिम्पिकसाठी बांधलेलं, आणि विजेतेपदांच्या यादीत त्या क्लबच्या आसपासही कोणी नाही. हॉकीत बर्फाला मोल असतं. ज्याच्याकडे सरावाला जास्त तास आणि चांगला बर्फ, त्याच्याकडे मुलं तयार होतात.

मग १९९४ चं हिवाळी ऑलिम्पिक लिलेहामरला मिळालं आणि त्यातले काही खेळ हामरला आले. त्यासाठी १९९२ मध्ये हामरचं ऑलिम्पिक अँफिथिएटर उभं राहिलं. गंमत अशी की ऑलिम्पिकमध्ये तिथे हॉकी झालीच नाही. हॉकीचे सामने लिलेहामर आणि य्योविकला झाले; हामरच्या या हॉलमध्ये फिगर स्केटिंग आणि शॉर्ट ट्रॅक (छोट्या रिंगणातलं वेगाचं स्केटिंग) झालं. टोन्या हार्डिंग आणि नॅन्सी केरिगन या अमेरिकन फिगर स्केटर्सच्या भांडणापायी जगभरचे कॅमेरे ज्या बर्फावर लागले होते, तो हाच. खेळ संपले, पाहुणे गेले, आणि हॉल स्टूरहामरच्या पदरात पडला.

आता सालं बघा. १९९४ चं विजेतेपद लिलेहामरला. १९९५, १९९६ आणि १९९७ ही तीन सलग स्टूरहामरला. म्हणजे चार वर्षं चषक ऑस्लोबाहेर, म्योसाकाठच्या दोन गावांत राहिला. माझ्या मते हा योगायोग नाही. पुढे २०००, २००४, २००८, मग दहा वर्षांचा दुष्काळ, आणि २०१८. त्या मधल्या काळात बहुतेक वर्षं स्टावांगर ऑयलर्स या २००१ साली स्थापन झालेल्या क्लबने कोणाला वर येऊच दिलं नाही. २०१२ ते २०१७ अशी सलग सहा विजेतेपदं त्यांची आहेत. स्टूरहामर २०२४ मध्येही विजेता होता.

विजेतेपदं मोजताना एक चूक सर्रास होते. नॉर्वेत नियमित लीगमध्ये पहिला येणारा संघ वेगळा आणि प्लेऑफ (लीगनंतरच्या बाद फेऱ्या) जिंकणारा वेगळा असू शकतो. देशाचा विजेता म्हणजे प्लेऑफ जिंकणारा. लीगच्या तक्त्यात स्टूरहामर पहिल्या क्रमांकावर दिसला म्हणून ते वर्ष विजेतेपदात धरू नका.

आता तो सामना. प्लेऑफच्या उपांत्यपूर्व फेरीत त्याच दोन संघांमधली पाचवी लढत, समोर सार्प्सबोर्ग गावचा स्पार्टा क्लब. साठ मिनिटांअखेर १-१. साध्या लीग सामन्यात बरोबरी झाली की थोडा जादा वेळ देतात, तोही कमी खेळाडूंनिशी, आणि तरीही निकाल नाही लागला तर पेनल्टी शॉट. त्या प्लेऑफमध्ये ती सोय नव्हती. पूर्ण २० मिनिटांचा पिरियड (एरवी सामन्यात असे तीन भाग असतात), पाचास पाच खेळाडू आणि एकेक गोली, आणि पहिला गोल पडला की खेळ खलास. गोल पडत नाही तोवर पिरियडमागून पिरियड.

असे सात जादा पिरियड कोरडे गेले. आठव्यात १७ मिनिटं १४ सेकंदांवर स्टूरहामरच्या योआकिम येन्सनने गोल केला. बेरीज करून बघा: ६० अधिक १४० अधिक १७:१४, म्हणजे २१७ मिनिटं १४ सेकंद. सगळ्यात लांब सामन्याचा आधीचा विक्रम १९३६ मधल्या डेट्रॉइट रेड विंग्ज विरुद्ध माँट्रियल मरून्स या सामन्याचा होता, १७६ मिनिटं ३० सेकंद. तो ८१ वर्षं टिकला आणि मोडला तो चाळीस मिनिटांच्या फरकाने.

पण २१७ मिनिटं म्हणजे पावणेचार तासही नाहीत, मग साडेआठ तास कसे? शिट्टी वाजली की हॉकीचं घड्याळ थांबतं, तो वेळ मोजलाच जात नाही. शिवाय ११ पिरियड म्हणजे मध्ये १० विश्रांत्या, आणि प्रत्येक मोठ्या विश्रांतीत यंत्र फिरवून बर्फाचा वरचा थर खरवडून गरम पाण्याचा पातळ हात द्यावा लागतो. तसं केलं नाही तर खरवडलेल्या बर्फाचा भुसा साचतो, पक (खेळायची रबरी चकती) उड्या मारतो आणि सरळ पास जात नाही.

गोल का पडत नव्हता, हेही समजण्यासारखं आहे. खेळाडू एरवी ४०-४५ सेकंदांच्या पाळ्यांनी बर्फावर येतात आणि जोर लावून परत जातात. शंभर मिनिटांनंतर पायात वेग उरत नाही, म्हणून कोणी धोका पत्करत नाही: पक सरळ समोरच्या टोकाला ढकलायचा आणि पाळी बदलायची. गोलीला त्यामानाने धावपळ कमी, आणि लांबून आलेले फटके त्याला स्पष्ट दिसतात.

खेळाडूंपैकी एकच नाव लक्षात ठेवायचं तर पॅट्रिक थोरेसन. जन्म १९८३. वडील पेटर १९८० ते १९९४ असे सलग पाच ऑलिम्पिक खेळले, पुढे २०१६ मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. पॅट्रिक किशोरवयात स्टूरहामरकडून खेळला, मग कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये गेला. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या लीगमध्ये एडमंटन ऑयलर्स आणि फिलाडेल्फिया फ्लायर्सकडून खेळला, पण खरा बहरला रशियाच्या केएचएल या लीगमध्ये; तिचा विजेतेपदाचा चषक, २०११ चा गागारिन कप, त्याने उफाच्या सालावात युलायेवकडून जिंकला. नंतर तो हामरला परतला आणि २०१८ च्या विजेतेपदाच्या संघात होता. २०१७ च्या त्या रात्रीच्या संघात मात्र तो नव्हता, तेव्हा झुरिककडून खेळत होता. एकाच बातमीत दोन्ही गोष्टी वाचल्यामुळे अनेकांची इथे गल्लत होते.

मात्स झुकारेलो हा नॉर्वेचा सध्याचा सगळ्यात गाजलेला खेळाडू, पण तो स्टूरहामरचा नाही, फ्रिस्क आस्करचा. एस्पेन 'शाम्पू' क्नुटसन वोलेरेंगाचा. यादी करताना ही दोन नावं हामरच्या खात्यात टाकू नका.