जिन्यातला दिवा आणि शिबिरातला नंबर

एप्रिल लागला की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आयांचे प्रश्न बदलतात. मार्चपर्यंत 'अभ्यासाला बसत नाही' असतं, मग शिबिरं सुरू होतात. त्यातला एक प्रश्न दरवर्षी ठरलेला: गेल्या उन्हाळ्यात पाठवलं होतं, नंबर आला नाही, तेव्हापासून पोर गप्प झालंय, आता पुन्हा पाठवावं की नको? मागच्या आठवड्यात एक आई दारातूनच म्हणाली, "मॅडम, ह्याका औंदा पाठवू काय नको?"

ह्या मुलाला मी जवळपास वर्षभर ओळखते. नाव लिहीत नाही. घरात त्याला बाबू म्हणतात आणि मालवणात दर दुसऱ्या घरात एक बाबू असतो, त्यामुळे ओळख फुटायची भीती नाही. लिहायला आईचा होकार आहे, बाबूचाही. काही तपशील मी मुद्दाम बदललेत.

दहावीची परीक्षा झाल्यावर तो ग्रामीण युवकांच्या आठ दिवसांच्या निवासी शिबिराला गेला. सकाळी व्यायाम आणि श्रमदान, दुपारी शिवण, कोकम-काजू प्रक्रिया, मोबाईल दुरुस्ती, घरगुती वायरिंग असे वर्ग, रात्री गाणी. बाबूने वायरिंग घेतलं. वाडीतल्या गणपतीच्या माळा दरवर्षी तोच जोडतो. सात दिवस मजेत गेले. आठव्या दिवशी समारोप आणि स्पर्धा, तीही मांडवात. मे महिना, म्हणजे अर्धी मुंबई गावात आलेली. चाकरमानी, त्यांची मुलं, पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे.

स्पर्धेला काम होतं जिन्याच्या वायरिंगचं. एक दिवा, दोन बटणं. खालून लावला तर वरून विझवता आला पाहिजे. वेळ वीस मिनिटं. बाबूचा दिवा लागला नाही. माइकवरून 'पुढचा स्पर्धक' आलं, मागून कोणीतरी 'वायरमन!' म्हणून ओरडलं आणि हशा पिकला.

पहिला आला तो तेवीस वर्षांचा, आयटीआय पास. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवा म्हणजे १५ ते २९ वर्षं. तो आकडा योजनांसाठी आहे, पण आयोजक तोच उचलून स्पर्धेचा गट करतात. मग पंधरा वर्षांचं पोर आणि दोन वर्षं तोच ट्रेड शिकलेला गडी एका रांगेत उभे. दुष्टपणा कुणाचाच नसतो, विचार केलेला नसतो इतकंच.

माझ्याकडे ते आले जूनमध्ये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, बाबूचे वडील खलाशी, ते दिवसभर घरात. पावसात पडवीवर जो टेकेल तो विचारणार, "नंबर कितवो इलो रे?" आणि बाबूच्या आधी वडीलच उत्तर देणार, "आठ दिवस फुकट जेवान इलो." त्यांच्या लेखी ती थट्टा होती. त्यात दहावीचा निकाल लागला, वडील म्हणाले आयटीआयला इलेक्ट्रिशियनला घालूया, आणि बाबू म्हणाला, काहीही चालेल, वायरिंग नको. तेव्हा आई घाबरली.

इथे माझं चुकलं. मी ऐकलं 'मांडवात हात थरथरले' आणि लगेच श्वासाचं तंत्र काढलं. चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर. तंत्र चांगलं आहे, मी आजही शिकवते. पण दोन भेटी बाबू निमूट श्वास घेत बसला आणि घरी गेला. ज्या मांडवाची भीती घालवायला मी निघाले होते तो मांडव कधीच सुटला होता.

तिसऱ्या भेटीला मी उशिरा पोचले. माझी खोली बाजारात एका दुकानावर आहे, बाबू जिन्यातच उभा होता. मी काही म्हणायच्या आत तो म्हणाला, "तुमचो दिवो खालचा बटण चालू असला तरच वरसून लागता ना?" खरंच होतं. दोन वर्षं मी तक्रार करतेय, मालक 'बघतो' म्हणतात.

वर आल्यावर त्याने माझ्या पॅडवर आकृती काढली. टू-वे बटणाला तीन टोकं. मधल्या, म्हणजे कॉमन टोकाला फेज, म्हणजे वीज आणणारी तार, द्यायची, दुसऱ्या बटणाच्या कॉमनवरून तार दिव्याकडे न्यायची, बाकीची दोन-दोन टोकं एकमेकांना जोडायची. "हयसर कोणीतरी फेज कडेच्या टोकाक दिल्यान हा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "माझापण ताच झाला होता." पेन खाली ठेवलं. "पण ह्याचो व्हिडिओ कोणी काढूक नाय."

व्हिडिओ! एवढे दिवस कुणी मला सांगितलंच नव्हतं. मुंबईच्या आतेभावाने वीसेक सेकंदांचा काढून वाडीच्या ग्रुपवर टाकला होता, हसणाऱ्या चेहऱ्यांसकट. बाबू रोज रात्री तो उघडून बघायचा. आईने आत्याला फोन केला, व्हिडिओ ग्रुपवरून पुसला गेला. पुढे गेलेले राहिलेच असतील. पण त्याच्या बाजूने कोणीतरी फोन केला, हे त्याला कळलं.

मग मी त्याला झुरळांची गोष्ट सांगितली. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलं की बघणारे असले की हातात बसलेलं काम आणखी चांगलं होतं आणि नवं काम बिघडतं. १९६९ मध्ये त्याने सहकाऱ्यांबरोबर ते झुरळांवर तपासलं. सरळ वाटेवर, दुसरी झुरळं बघत असताना, झुरळ उजेडापासून जास्त जोरात पळालं. वळणाच्या वाटेवर मात्र झुरळ प्रेक्षकांसमोर रेंगाळलं. बाबू हसला. पहिल्यांदा. "म्हणजे मी झुरळ?" म्हटलं, मीसुद्धा.

सात दिवसांपूर्वी शिकलेलं काम त्याच्यासाठी अजून वळणाचीच वाट होती. ती सरळ व्हायला हवी होती, माणसं नंतर. घरच्या विजेला हात लावायचा नाही, ही माझी अट. वडिलांनी होडीवरची बारा व्होल्टची बॅटरी दिली, बाबूने त्याच मापाचा दिवा आणला आणि फळीवर दोन बटणं ठोकली. आधी एकट्याने, डोळे मिटून जोडता येईल इतक्या वेळा. मग आजी समोर. आजी प्रेक्षक म्हणून उत्तम, कारण ती मध्येच तांदूळ निवडायला लागते. मग वडील. त्या दिवशी स्क्रू दोनदा पडला. वडील उकिडवे बसून बघत होते आणि कितव्यांदा जमतंय हे न विचारता म्हणाले, "ही मधली तार खंय जाता?" बाबूने अर्धा तास सांगितलं, असं आई म्हणाली. ऑगस्टमध्ये तो आयटीआयला विजतंत्रीच्या वर्गात बसला. माझा जिना दुकानमालकाच्या वायरमनने दुरुस्त केला, बाबूची आकृती हातात घेऊन.

तर पाठवावं का? माझं उत्तर असं की शिबिर आणि स्पर्धा या दोन गोष्टी वेगळ्या धरा. शिबिर बहुतेक मुलांना मानवतं: घराबाहेर झोपणं, अनोळखी पोरांबरोबर भांडी घासणं. स्पर्धेबद्दल मात्र आयोजकांना फोन करून विचारा. वयाचे गट आहेत का, स्पर्धेचं काम आधी चार वेळा करू देतात का, शूटिंगला मनाई आहे का, आणि चुकलं तर परीक्षक काय चुकलं ते सांगतात का. बाबूला त्या मांडवात 'फेज बघ' एवढे दोन शब्द कोणी सांगितले असते तर माझी गरज पडली नसती. मी त्या आयोजकांशी बोलले. यंदा अठराच्या आतले वेगळे करतोय म्हणाले. शूटिंगचं मात्र 'पालकांनाच हवं असतं हो' म्हणून टाळलं, आणि तेही खोटं नाही.

परत आल्यावर नंबर विचारू नका असं मी म्हणत नाही, गाव विचारणारच. घरातला पहिला प्रश्न तेवढा वेगळा असू द्या. दोन-तीन आठवडे झोप, जेवण, मित्र सगळंच सुटलं असेल तर शिबिराचा विचार बाजूला ठेवून आधी कुणाला तरी दाखवा. मूल जगण्याबद्दल नकोसं बोलत असेल तर तेवढंही थांबू नका, सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो.

बाबूच्या आईला मी म्हटलं, त्यालाच विचारा. फॉर्म त्याने माझ्याच टेबलावर भरला. विषय वायरिंगच. खाली 'स्पर्धेत भाग घेणार: हो / नाही' असा रकाना होता. त्यावर पेन थोडा वेळ थांबलं, मग तो रकाना कोरा ठेवून त्याने सही केली.