कुत्युरिएर म्हणजे शिंपीण का?

‘कोको आव्हाँ शनेल’ हा फॅशन डिझायनर कोको शनेलवरचा २००९चा फ्रेंच चित्रपट पाहून एका वाचकाने विचारलं आहे : मराठीत त्याचा परिचय लिहितोय, त्यातल्या ‘कुत्युरिएर’ला (कपडे शिवणाऱ्या बाईसाठीचा फ्रेंच शब्द) ‘शिंपीण’ म्हणू की ‘वेशभूषाकार’?

दोन्ही नको, असं माझं मत.

‘वेशभूषाकार’ आपण नाटक-सिनेमातल्या पात्रांचे कपडे ठरवणाऱ्याला म्हणतो. या चित्रपटाच्या वेशभूषाकार कातरीन लतेरिए, आणि त्या कामासाठी त्यांना सेझार हा फ्रेंच चित्रपट पुरस्कारही मिळाला. शनेलला तोच शब्द लावला तर वाचकाचा घोटाळा होणारच. ‘शिंपीण’मध्ये वेगळी अडचण आहे. डॉक्टरीणबाई म्हटलं की डॉक्टरांची बायको डोळ्यांसमोर येते, तशी शिंपीण म्हटल्यावर आधी शिंप्याची बायको येते.

गंमत म्हणजे फ्रेंचमध्येही लिंग बदललं की पायरी बदलते. ‘कुत्युरिए’ हा पुरुष म्हणजे स्वतःच्या नावाचं फॅशनघर चालवणारा. ‘कुत्युरिएर’ ही स्त्री म्हणजे बहुतेकदा साधी शिवणकाम करणारी. चित्रपटाच्या नावाचा अर्थ ‘शनेल होण्याआधीची कोको’. ओबाझीनच्या अनाथाश्रमात वाढलेली, शिवणकाम करून रात्री गाणारी ही मुलगी १९१०मध्ये पॅरिसच्या र्‍यू कांबों या रस्त्यावर टोप्यांचं दुकान काढते. म्हणजे तिचा प्रवास या दोन शब्दांमधलाच आहे, म्हणून भाषांतरातही दोन शब्द हवेत. आधीच्या कोकोसाठी ‘शिवणकाम करणारी’ अगदी चपखल. शिवाय ‘कुत्युर’ (शिवणकाम) हा फ्रेंच शब्द ज्या लॅटिन ‘सुएरे’पासून आला, ते क्रियापद आणि संस्कृत ‘सीव्यति’ एकाच मुळातले. आपलं ‘शिवणे’ त्या ‘सीव्यति’वरून आलेलं. नातं जुनंच आहे.

नंतरच्या शनेलसाठी नाम हवं असेल तर ‘फॅशन डिझायनर’ खुशाल वापरा, तो रुळलाय. ‘वस्त्रसंकल्पक’ मला कोरडा वाटतो, त्यात कापड कुठे हाताला लागतच नाही. पण क्रियापद हवं असेल तर मराठीत एक फार सुरेख आहे : बेतणे. मापाप्रमाणे कापड कापणं म्हणजे बेतणं, आणि आखणी करणं म्हणजेही बेतणं. डिझाइनमधली कल्पना आणि कात्री, दोन्ही त्यात आली. शनेलला तर हे क्रियापद फारच शोभतं. ती आधी कागदावर चित्र काढायची नाही. कापड थेट मॉडेलच्या अंगावर टाकायचं, टाचण्या लावायच्या, बाही मनासारखी बसली नाही की उसवून पुन्हा लावायची. कात्री गळ्यातल्या फितीला लटकलेली. हे बेतणंच झालं!

तेव्हा परिचयात असं लिहून पाहा : ‘दुसऱ्यांचे कपडे शिवणारी कोको पुढे स्वतःच्या मनातले कपडे बेतू लागली.’