आयक्यू ८२ आला, म्हणजे मुलगा मंद का?

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. घरी मराठी, शाळा कन्नड माध्यमाची, चाचणी मात्र इंग्रजीतून झाली. आयक्यू ८२. काय समजायचं? – एक पालक, खानापूर तालुका

उत्तर : घाबरू नका. एकाच वयाच्या मुलांची सरासरी १०० धरतात आणि साधारण दोनतृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात. मोजण्यात थोडी चूक असतेच, त्यामुळे ८२ म्हणजे ढोबळमानाने ७७ ते ८७. बौद्धिक अक्षमता ठरवायला आकडा ७०च्या आसपास किंवा खाली लागतोच, शिवाय रोजच्या व्यवहारातही अडचण दिसावी लागते.

खरी गोची भाषेची. ‘बैलगाडी आणि सायकल, सारखं काय?’ असं विचारल्यावर ‘दोन्हीला चाकं’ म्हटलं तर थोडे गुण, ‘दोन्ही वाहनं’ म्हटलं तर पूर्ण. ‘वाहन’ ठाऊक असलेलं पोर इंग्रजी शब्दापाशी अडतं आणि गुण बुद्धीचे कापले जातात! म्हणून अहवालात शाब्दिक आणि ठोकळे-चित्रांचे गुण वेगळे बघा. ठोकळ्यांत बरेच जास्त असतील तर एकूण आकड्याला फारसा अर्थ नाही.

बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठीच बेतलेली. पण तिचे निकष, म्हणजे तुलनेला घेतलेले इतर मुलांचे गुण, १९३०च्या दशकातले. जुन्या निकषांवर आकडा फुगतो.

झालेली चाचणी लगेच पुन्हा नको, सरावाने गुण वाढतात; वर्षभर थांबा. आधी कान-डोळे तपासून घ्या. मग मराठी बोलणाऱ्या मानसतज्ज्ञाकडे जा.